तोंड धरून दिलेला शेक

मित्रांनो, मी एक जुना लेझर आहे, आणि मला राग आला आहे.

सुरुवात गोड बोलून करावी, हे मलाही कळतं. पण गोड बोलायला जीभ लागते. मला जीभ नाही. मला एक पडदा आहे, चार बटणं आहेत, पाठीला घरघरणारा पंखा आहे आणि पोटातून निघालेली एक लांब दोरी आहे. त्या दोरीच्या टोकाला एक दांडी आहे. तोच माझा हात. त्या हातातून मी उजेड सोडतो. त्यातला लाल ठिपका तेवढा माणसांना दिसतो. खरं काम करणारा उजेड कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाची जगात काय किंमत असते, ते तुम्हाला तुमच्या आया सांगतील.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका माझी भिंगं बसवत होत्या. एकीनं भिंगावर फुंकर मारली, तशी दुसरी खेकसली, "फुंकू नकोस गं, थुंकी उडते!" जगातलं मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते हे. पुढे माझ्या पोटात तीन प्रश्न भरले गेले. कुणीही मला सुरू केलं की मी ते पडद्यावर विचारायचे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात चालवायचा नाही. प्राणी केवढा? अंगाचा रंग कोणता? दुखणं कुठे?

रंगाचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. काळं अंग माझा उजेड घटाघटा पितं. पांढरं अंग त्यातला बराचसा परतवून लावतं. म्हणून गोऱ्या कातडीवर जी ताकद चालते, ती काळ्या कातडीवर निम्मी करावी लागते. नाहीतर पोळतं. एवढी साधी गोष्ट आहे. उन्हात काळा सदरा घालून उभं राहिलेल्या कुणालाही ती समजते.

तिथून मला आणलं ते कुत्र्यांच्या दवाखान्यात. मागच्या बाजूची छोटी खोली माझी. मधोमध लोखंडी टेबल, त्यावर रबराची चटई, कोपऱ्यात वजनकाटा आणि खिडकीत एक कुंडी, जिला दुसऱ्या कुणीतरी पाणी घातलं आहे असं प्रत्येकाला वाटे. पाय मोडलेली, गुडघा सरकलेला, खुबा निखळलेला, अशी कुत्री इथे यायची. डॉक्टरीणबाई ऑपरेशन करायच्या, मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी लावून स्क्रू पिळायच्या. मग ती कुत्री दिवसाआड माझ्याकडे यायची.

मी हाड जोडत नाही, मित्रांनो. ते सांधतो कुत्रा स्वतः, आपल्या रक्तामांसानं. मी टाक्यांच्या भोवतीनं उजेड फिरवतो. त्यानं सूज उतरायला, ठणका कमी व्हायला, जखम भरायला हातभार लागतो. हातभारच. मला चमत्कार येत नाही, आणि माझ्या नावावर कुणी खपवला तर त्याला खुशाल खोटं पाडा.

माझा हात धरायला एक बाई होत्या. सगळे त्यांना सावकाशताई म्हणायचे, कारण त्या कुणालाही आणि कशालाही "सावकाश" म्हणत. धावत आलेल्या माणसाला, उकळणाऱ्या चहाला, आणि एकदा तर भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. आधी त्या स्वतः काळा चष्मा लावायच्या, मग कुत्र्याला लावायच्या. चष्म्यातली कुत्री खलनायकासारखी दिसायची आणि धरायला आलेल्या धन्याला हसू आवरायचं नाही. मग ताई माझे तीन प्रश्न मोठ्यानं वाचायच्या, कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून उत्तरं द्यायच्या. माझा हात त्या एका जागी कधी थांबू द्यायच्या नाहीत. गोल गोल, गोल गोल, दळणाऱ्या बाईच्या हातासारखा. चुकून थांबू नये म्हणून त्यांनी स्वतःच एक ओवी जुळवली होती. ती गुणगुणतच त्या हात फिरवायच्या:

फिर फिर रे उजेडा, नको बसू एका ठायी
बसशील तर पोळशील, माझ्या मुक्याला बोलणं न्हाई

ओवी वीस वेळा म्हटली की एक बाजू झाली. त्यांना घड्याळ लागत नसे. आणि मला, खरं सांगतो, पंखासुद्धा कमी फिरवावा लागायचा.

आता त्या शब्दाकडे येतो. ज्यानं सगळा घोळ केला, तो शब्द.

लेझर म्हटलं की लोक बिचकायचे. "म्हणजे कापणार का?" "म्हणजे वीज लावणार?" दिवसातून दहादा तेच तेच समजावून डॉक्टरीणबाई कंटाळल्या. मग त्या म्हणायला लागल्या, "अहो, घाबरू नका. शेकच आहे समजा." लोकांचा जीव भांड्यात पडला. शेक! शेक कुणाला माहीत नाही? पाठ धरली की शेक, कान दुखला की शेक. हळूहळू कागदावरही तेच आलं. 'शेक, दिवसाआड.' माझं नाव गेलं आणि मी शेक झालो.

पण शेक म्हणजे काय? शेक म्हणजे ऊब. लागला पाहिजे, जाणवला पाहिजे, सोसवेल तितका दाबून धरला पाहिजे. आणि मी म्हणजे त्याच्या नेमका उलटा. मी जाणवलो, तर समजा चुकलो. दोन अक्षरांचा तो शब्द लोकांच्या तोंडी सोपा बसला आणि माझ्या हाताला उलटं काम शिकवून गेला.

एक दिवस इस्त्रीवाल्या मावशी कोळशाला घेऊन आल्या. कोळशा म्हणजे त्यांचा कुत्रा. नखशिखांत काळा, जीभ तेवढी गुलाबी. गल्लीच्या तोंडाशी मावशींचं इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाखाली हा. सामानाची हातगाडी उलटली ती याच्या मागच्या पायावर. मावशींना दुसरं कुणी नव्हतं. त्या म्हणायच्या, "दिवसभर वरून मी बडबडते आणि खालून हा ऐकतो. आमचा संसार असाच चालतो." ऑपरेशन झालं, पट्टी बसली. पायावरचे केस भादरले तेव्हा खालची कातडीही काळीच निघाली.

पाच वेळा सावकाशताईंनी माझा हात कोळशाच्या पायावरून फिरवला. सूज उतरत गेली. पाचव्या खेपेला टेबलावरून खाली उतरवल्यावर त्यानं त्या पायाची बोटं जमिनीला टेकवली. टेकवली आणि लगेच उचलली, जसं काही गरम तव्याला हात लावून पाहिला. मावशी ओरडल्या, "टेकवला! बघितलंत? टेकवला मेल्यानं!" आणि त्या मेल्याचं डोकं छातीशी धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सावकाशताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या.

त्यांच्या जागी एक गृहस्थ आले. दोन दिवसांत त्यांचं नाव झटपटराव पडलं. जाण्यापूर्वी ताईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. प्रश्न वाचा, रंग बघा, हात थांबवू नका. ओवीसुद्धा म्हणून दाखवली. झटपटराव हसून म्हणाले, "ताई, गाणं म्हणायला मी काय बारशाला आलोय? शेकच द्यायचाय ना?"

तो दिवस मला विसरता येत नाही. विसरणं माझ्या घडणीतच नाही.

कोळशाच्या आधी एक पांढरी शुभ्र कुत्री येऊन गेली होती. झटपटरावांनी मला बंद केलं नाही. कोळशा टेबलावर आला. मी पडद्यावर विचारलं, प्राणी केवढा? त्यांनी 'पुढे' दाबलं. मी विचारलं, अंगाचा रंग कोणता? 'पुढे'. दुखणं कुठे? 'पुढे'. नुसतं 'पुढे' दाबलं की आधीचंच उत्तर धरलं जातं. माझ्यासमोर मिट्ट काळा कुत्रा, आणि माझ्या पोटात आधीचं उत्तर तसंच पडलेलं: पांढरा.

तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. मला फक्त टिंग करता येतं. मी टिंग केलं.

"झालं, सुरू झालं," झटपटराव म्हणाले.

त्यांनी माझा हात टाक्यांपाशी नेला आणि ठेवला. फिरवला नाही, ठेवला. दुसऱ्या हातानं ते फोनवर कुणाशी तरी बोलत होते. कोळशानं पाय ओढला. मावशींनी तो परत सरळ केला.

"काय हो, हलतोय फार," त्या म्हणाल्या. "ताईंच्या वेळी नाही हलायचा."

"ताईंचा शेक लागतच नव्हता मावशी. नुसती फिरवाफिरवी. आज लागतोय, म्हणून हलतोय. धरा घट्ट."

कोळशानं पुन्हा पाय ओढला. मग मान वळवून गुरगुरला. मावशींवर तो कधीच गुरगुरला नव्हता, हे मला मागाहून कळलं. मावशी घाबरल्या, तो चावेल म्हणून. त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी मिटून धरलं. "गप रे राजा. शेक बसू दे. बरं वाटेल बघ."

आणि मी पोळत होतो. मी, ज्याला बरं करायला घडवलं, तो मी त्या काळ्या कातडीला पोळत होतो, आणि माझा हात माझ्या ताब्यात नव्हता.

सकाळी पायावर फोड होता. दोन दिवसांत तो फुटला, कातडी गेली, टाके उसवले आणि आतली पट्टी चमकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, नीट पाहिली, आणि मावशींना खुर्चीवर बसवून सांगितलं, "पट्टी उघडी पडली आहे. आत पू झाला तर पाय ठेवता येणार नाही. औषधं देते, रोज ड्रेसिंग करू. पण दहा दिवसांत कातडी पुढे सरकली नाही, तर पाय काढावा लागेल."

मावशी उठल्या. झटपटरावांकडे गेल्या नाहीत. माझ्याकडे आल्या. पायातली चप्पल काढली आणि माझ्या पडद्यावर दोन सणसणीत ठेवून दिल्या. "सैताना! मुक्या जनावराला खाल्लंस!"

झटपटराव मागून म्हणाले, "मशीनच बिघडलंय मावशी. मी पहिल्यापासून सांगतोय."

पहिल्यापासून! मित्रांनो, ते पहिल्यापासून फक्त 'पुढे' म्हणत होते.

माझ्यावर जुनी चादर टाकली गेली. चादरीवर चिठ्ठी लागली: 'नादुरुस्त'. मावशींची चप्पल मला लागली नाही. ती चिठ्ठी लागली. चादरीखाली मी रोज ऐकायचो, दुपारी मावशी यायच्या, डॉक्टरीणबाई ड्रेसिंग करायच्या, आणि रोज म्हणायच्या, "अजून काही हललं नाही." चार दिवस गेले. दहातले चार.

पाचव्या दिवशी यंत्रवाला आला. बारीक, चष्मेवाला, खिशाला तीन स्क्रू ड्रायव्हर. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथलाच. त्यानं चादर काढली, माझा हात एका मोजणीच्या पेटीला लावला, भुवया वर केल्या.

"ह्याला काय झालंय? हा तर ठणठणीत आहे."

"ठणठणीत कसा?" झटपटराव म्हणाले. "कुत्रा भाजलाय त्यानं."

"विचारू की त्यालाच." यंत्रवाल्यानं दोन बटणं एकदम दाबली. मी म्हटलं ना, विसरणं माझ्या घडणीत नाही. प्रत्येक वेळी कुणावर, किती वेळ, किती ताकदीनं आणि कोणत्या रंगासाठी उजेड सोडला, ते सगळं माझ्या पोटात असतं. आजवर कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

यंत्रवाल्यानं वाचायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. मावशी कोळशाला घेऊन ड्रेसिंगसाठी दारात पोचल्या होत्या. "ही पाच वेळची नोंद बघा. रंग काळा, ताकद निम्मी. आणि ही सहावी. रंग पांढरा, ताकद पूर्ण." त्यानं मान वर करून कोळशाकडे पाहिलं. "हा पांढरा आहे?"

कोळशानं शेपटी हलवली, आपलं नाव निघालं असं वाटून.

"घाईत होतो मी," झटपटराव म्हणाले. "आणि शेक म्हटल्यावर... शेक लागायला नको का? मी तो नीट लागावा म्हणूनच एका जागी धरला."

"एका जागी?" मावशी पुढे आल्या. "एका जागी धरलात?"

"शेक तसाच देतात, मावशी."

"अहो, वीस वर्षं इस्त्री करतेय मी!" मावशी ओरडल्या. "गरम इस्त्री कापडावर ठेवून फोनवर बोलले तर काय होतं, ते मला शिकवता? काळं कापड आधी चमकतं, मग जळतं. हे मला नाही कळलं? माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही इस्त्री ठेवून दिलीत, आणि मी..." त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "तो मला सांगत होता. दोनदा पाय ओढला त्यानं. तिसऱ्यांदा बोलला. मी त्याचं तोंड धरलं."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "शेक हा शब्द माझा, मावशी. सोपं पडावं म्हणून मीच वापरला. कागदावरही मीच लिहिला."

मला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की माझा राग निवेल. नाही निवला. उलट वाढला. तिघंही भली माणसं होती. एकाला घाई होती, एकीला कंटाळा आला होता, एकीला काळजी होती. त्या तिघांनी मिळून एका मुक्या जिवाला भाजलं, आणि दोष दिला दुसऱ्या मुक्याला!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा दिवस आहेत. औषधं चालूच राहतील. सोबत जखमेच्या कडेकडेनं, अगदी कमी ताकदीवर, कातडीला न टेकवता उजेड दिला तर मदत होऊ शकते. खात्री देत नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही."

मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर अजून चपलेचा ओरखडा होता.

"देणार असाल तर माझा हात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा नाही."

"तसं चालत नाही हो मावशी," यंत्रवाला म्हणाला. "शिकावं लागतं."

"मग शिकवा. आणि आधी माझ्यावर."

डॉक्टरीणबाईंनी मावशींना चष्मा लावला. तीन प्रश्न वाचून घेतले, उत्तरं द्यायला लावली. मग मावशींनी उजव्या हातात माझी दांडी घेतली आणि स्वतःच्या डाव्या हातावरून फिरवली. मित्रांनो, तसा हात मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. सावकाशताईंचासुद्धा नव्हता. मनगट सैल, चाल एकसारखी, कुठे रेंगाळणं नाही की कुठे झटका नाही. हजारो सदऱ्यांच्या कॉलरांवरून गेलेला हात होता तो.

"काही लागतच नाही की," मावशी म्हणाल्या.

"तेच बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग कोळशा टेबलावर आला. मला पाहून तो थरथरला आणि कडेला सरकला. झटपटराव सवयीनं पुढे झाले, "धरू का तोंड?"

"खबरदार!" मावशी म्हणाल्या. "तोंड मोकळं राहील त्याचं. तो बोलला की मी थांबेन. दहादा बोलला तर दहादा थांबेन."

पहिल्या दिवशी तो चौदा वेळा बोलला. मावशी चौदा वेळा थांबल्या. चार मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला, आणि डॉक्टरीणबाई सगळा वेळ शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला तो पाच वेळा बोलला. तिसऱ्या खेपेला त्यानं सुस्कारा सोडला आणि हनुवटी चटईवर टेकवली.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंग सोडलं. मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. "बघवत नाही मला. तुम्हीच सांगा."

डॉक्टरीणबाई वाकल्या. भिंग घेऊन बघितलं. मग पुन्हा बघितलं. "कड गुलाबी झाली आहे. चारी बाजूंनी आत सरकली आहे. पट्टी झाकली जातेय." त्यांनीही भिंतीकडे तोंड केलं. "पाय राहतोय मावशी."

पूर्ण भरायला पुढे दीड महिना लागला. मग एका सकाळी झाडूपोछावाल्या काकूंनी खोलीची फरशी नुकतीच पुसली होती. कोळशा दारातून आत आला तो सरळ ओल्या फरशीवरून. काकू कडाडल्या, "अगं बाई, आत्ता पुसलीय ना! याला उचलून आणायला काय..." आणि त्यांची नजर खाली गेली. फरशीवर पावलं उमटली होती. एक, दोन, तीन, आणि चौथं. चौथं जरा पुसट, जरा वाकडं, पण चौथं. काकूंनी फडकं बादलीत टाकलं आणि ओल्या हातानंच कपाळावर आलेले केस मागे सारले. "वाळू दे आपोआप," त्या म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मीही शांत झालो असतो. पण त्या पायावर तळहाताएवढ्या जागेत केस आले नाहीत, ते कधीच येणार नाहीत. आणि झटपटराव खोलीत आले की कोळशा आजही ओठ वर करून दात दाखवतो. त्यांनी माफी मागितली. बिस्किटं आणली. खाली बसून हात पुढे केला. तो बिस्किटाकडे बघतही नाही. कुत्री सगळं विसरतात, सगळं माफ करतात, असं माणसं सांगत फिरतात. माणसांना सोयीचं आहे ते.

आता माझी चाकं कुरकुरतात, दोरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे, पंखा सर्दी झाल्यासारखा वाजतो. मला निवृत्त करतील, त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या जागी नवा येईल, तोही प्रश्न विचारेल. त्याला उत्तर द्या, एवढंच माझं मागणं आहे. घाई असली तरी द्या. आणि अवघड गोष्टीला सोपं नाव देताना दोनदा विचार करा. नाव सोपं झालं म्हणून काम सोपं होत नाही.

राग वाईट असतो, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू द्या. मी माझा राग पुसून टाकणार नाही, कारण कोळशाचं मिटून धरलेलं तोंड त्याच्या आत आहे. तुमच्या घरी, गल्लीत, कुणा मांजरीला, वासराला, बोलता न येणाऱ्या तान्ह्या भावंडाला तुम्ही मायेनं औषध लावत असाल, आणि त्यानं अंग चोरलं, पाय ओढून घेतला, तर त्याला घट्ट धरू नका. हात उचला आणि थांबा. तो हट्ट करत नसतो, मित्रांनो. तो एक वाक्य बोलत असतो. ते त्याला पुरं करू द्या.